शून्य दशांश चार दोन

रात्री पावणेतीनला पहिलं काम, वजन.
फालेसीचं बाळ, अजून बिननावाचं,
काट्यावर ठेवलं की पाय झाडतं
आणि आकडे त्याच्याबरोबर उड्या मारतात.
थांबायचं.
पाय निवेपर्यंत, आकडे निवेपर्यंत.
एक किलो चारशे ग्रॅम.
फडक्याचं वजन वजा केलं का, झियोने?
केलं.

किलोमागे तीन मिलिग्रॅम.
चौदा त्रिक बेचाळीस,
मग टिंब परत आपल्या जागी, चार दशांश दोन.
हे मी कागदावर करते, मनात नाही.
मनात या वेळी मी झोपलेली असते.

कुपीत एका मिलिलिटरला दहा मिलिग्रॅम,
म्हणजे भरायचं शून्य दशांश चार दोन.
हे मला पाठ आहे.
पाठ आहे, तिथेच भीती आहे.

म्सुक्वा सर फळ्यावर नुसतं .५ लिहायचे
आणि विचारायचे, काय दिसतं?
मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, पाच.
"मेला तुमचा पेशंट," सर शांतपणे म्हणत
आणि पुढचं गणित घालत.
टिंबापुढे शून्य उभं करा,
एकटं टिंब म्हणजे माशीची शीट, कुणीही पुसून टाकेल.
आणि पुऱ्या पाचामागे टिंब-शून्य लावू नका,
अंधारात त्याचे पन्नास होतात.
आम्ही हसायचो.

दिवे गेलेले. बॅटरी दातात.
पिस्टनच्या काळ्या रबराची वरची कडा
आणि माझा डोळा एका रेघेत.
नखाने टिचकी, बुडबुडा वर, बाहेर.
शून्य दशांश चार दोन. सुरेख भरलं होतं.

दुसरे डोळे हवेत, असा नियम आहे.
एलासी पार त्या टोकाला,
एक जुळं आईच्या छातीशी चितेंजेने बांधत होती.
तिला हाक मारायला जिवावर आलं होतं,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ती आली. माझा कागद पाहिला नाही,
सिरिंजही नाही.
आधी कुपी उचलली,
बॅटरीसमोर फिरवली, आणि फिरवतच राहिली.
"सोमवारच्या ट्रकने आलेला खोका?"
काच तीच, झाकण तेच, नाव तेच,
खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत
दोन मिलिलिटरमध्ये ऐंशी.

एकात चाळीस.
माझ्या हातात सोळा दशांश आठ मिलिग्रॅम होते.
बरोब्बर चौपट,
आणि माझं गणित कुठेही चुकलं नव्हतं.

एलासी काही बोलली नाही.
सिरिंज रिकामी केली मी, डब्यात टाकली,
हात पुन्हा धुतले, जरा जास्तच वेळ.
नवी सिरिंज, औषध एक मिलिलिटर, सलाईन तीन,
आता चारात चाळीस, एकात दहा.
तिने हातमोज्यांच्या खोक्यामागे
माझ्याकडे पाठ करून गणित केलं.
दोन उत्तरं शेजारी ठेवली.
शून्य दशांश चार दोन.
रेघ तीच, पाणी दिसायला तेच.

बाळ रडलं, चांगलं, रागाने.

फालेसी किनाऱ्यावर सुकी उसिपा विकते, पेल्याने मापून.
सिरिंजकडे बघून म्हणाली, "एवढंसंच?
मी तर मापावर मूठभर घालते, गिऱ्हाईक टिकतं."
"इथे वरची मूठ चालत नाही," मी म्हटलं.
तिला ते पटलं की नाही, कळलं नाही.

वहीत दोन्ही लिहिलं,
दिलं ते, आणि देणार होते ते.
मग तांबडी चिकटपट्टी फाडून
खोक्यातल्या एकेका कुपीवर डकवली,
एकोणीस कुप्या, प्रत्येकीवर मोठ्ठ्या अक्षरांत चाळीस.
खिडकीबाहेर सरोवरावर
कोळ्यांचे दिवे अजून जळत होते.
मोजायला लागले होते,
एलासी म्हणाली, पुरे, चहा पी.